इन्क्लूड कुठे ठेवायचं, कंपोनंट कुठे करायचा: एका पतसंस्थेच्या साइटवरून

लहान संस्थांच्या साइट्स करणं हा माझा धंदा. पतसंस्था, वाचनालयं, मंगल कार्यालयं, एखादा दवाखाना. शेअर्ड होस्टिंग, पीएचपी, मायएसक्यूएल आणि "ताई, व्याजदर बदललेत, संध्याकाळपर्यंत साइटवर दिसले पाहिजेत" असा फोन. अशा साइटवर एकच तुकडा बऱ्याच पानांवर लागतो. तो वेगळ्या फाइलीत काढून इन्क्लूड करायचा, म्हणजे ती फाइल पानात जशीच्या तशी ओढून घ्यायची, की त्याचा नीट कंपोनंट, म्हणजे लागणारी माहिती मागून घेणारा स्वतंत्र तुकडा बांधायचा, हे दर वेळी ठरवावं लागतं. माझ्याकडे काम शिकायला येणारी मुलं यात दोन टोकं गाठतात. कुणी दिसेल ते इन्क्लूड करत सुटतं, तर कुणाला साध्या फूटरसाठीही रिअ‍ॅक्टसारखी जावास्क्रिप्टची भलीमोठी लायब्ररी हवी असते.

माझा नियम सोपा आहे. इन्क्लूडच्या वरच्या ओळींत व्हेरिएबल भरायची वेळ आली की थांबायचं. तो तुकडा आता बाहेरून काहीतरी मागतोय. जो मागतो त्याला काय हवंय ते उघड मागायला लावा, म्हणजेच त्याचा कंपोनंट करा. जो काहीच मागत नाही तो खुशाल इन्क्लूड राहू दे.

(खाली फाइलींची आणि व्हेरिएबलांची नावं मराठीत लिहिली आहेत. पीएचपीला ती खरोखर चालतात. पुढे ती साइट ज्याच्या गळ्यात पडेल त्याला चालतीलच असं नाही, तेव्हा कामात इंग्रजीच ठेवा.)

आता एक उदाहरण जरा जवळून बघू. एका पतसंस्थेची आधीच बनलेली साइट देखभालीसाठी माझ्याकडे आली. तक्रार अशी, की नव्याने उघडलेल्या शाखेच्या नावाखाली दुसऱ्याच शाखेचा फोन नंबर येतो. डेटाबेसमध्ये पाहिलं तर नव्या शाखेला अजून फोनच घेतलेला नव्हता, रकाना रिकामा होता. मग साइटवर नंबर आला कुठून?

शाखांच्या पानावर एक लूप होतं. लूपमध्ये दर शाखेसाठी आधी नाव, पत्ता, वेळ व्हेरिएबलांत भरायची आणि मग ‘शाखा-कार्ड’ ही फाइल इन्क्लूड करायची. फोनसाठी मात्र एक अट होती: रकाना रिकामा नसेल तरच फोनचं व्हेरिएबल भरा. कार्डातही अट होती: व्हेरिएबलमध्ये काही असेल तरच फोनची ओळ छापा. दोन्ही अटी सुट्या वाचल्या तर अगदी बरोबर. पण पीएचपीत इन्क्लूड केलेली फाइल ज्या ओळीवर बोलावली त्याच ओळीच्या स्कोपमध्ये, म्हणजे व्हेरिएबल जिथवर दिसतात त्या हद्दीत चालते आणि लूपची एक फेरी संपवून पुढच्या फेरीला जाताना व्हेरिएबल पुसलं जात नाही. आधीच्या शाखेचा नंबर तसाच पडून राहिला आणि नव्या शाखेच्या कार्डाने तो उचलला. एरर नाही, वॉर्निंग नाही. लोक एका शाखेला म्हणून फोन करत होते आणि उचलत होते दुसरीकडे.

इन्क्लूडचा स्वभावच हा. घरात आलेला पाहुणा न विचारता थेट फडताळ उघडून हाताला लागेल तो डबा काढतो आणि जाताना आपला एखादा डबा मागे ठेवून जातो, तसं हे चालतं. आत गेलेल्या फाइलीला पानावरचं सगळं दिसतं आणि तिने आत जे भरलं ते पानावर शिल्लक राहतं. हेडरच्या फाइलीत मेनूसाठी लूप चालवताना कुणी ‘नाव’ हे व्हेरिएबल वापरलं, तर पानाने आधी भरून ठेवलेलं ‘नाव’ गेलंच.

तेच कार्ड फंक्शन म्हणून लिहिलं असतं तर हा घोळ झालाच नसता. फंक्शनचा स्कोप वेगळा. दर हाकेला पाटी कोरी. वापर असा दिसतो:

शाखा_कार्ड(नाव: $शाखा['नाव'], पत्ता: $शाखा['पत्ता'], वेळ: $शाखा['वेळ'], फोन: $शाखा['फोन']);

नावानिशी आर्ग्युमेंट द्यायची ही सोय पीएचपी ८.० पासून आहे. पत्ता द्यायला विसरलात तर पान तिथेच एरर देऊन थांबतं, कारण पीएचपी ७.१ पासून सक्तीचं आर्ग्युमेंट न देणं ही चूक धरली जाते. थांबलेलं पान आपल्या मशीनवर लगेच कळतं. चुकीचा फोन नंबर मात्र सभासदाने कळवल्यावरच कळतो.

हा कंपोनंट कसा काढायचा, ते सांगते. आधी इन्क्लूडची फाइल उघडा आणि डॉलरचं चिन्ह शोधा. जी व्हेरिएबल त्याच फाइलीत भरली गेलेली नाहीत ती एका कागदावर लिहून काढा. ही झाली त्या तुकड्याची खरी मागणी. ती बहुतेक वेळा वाटते त्यापेक्षा लांब निघते. कुठेतरी खोलवर डेटाबेसचं कनेक्शन सापडतं, कुठे सेशनमधली भाषा. कार्डाने स्वतः डेटाबेसला विचारायला जाऊ नये. माहिती पानाने आणायची, कार्डाने फक्त मांडायची. मग ती यादी फंक्शनच्या कंसात आणा. जे नसलं तरी चालेल, जसा फोन, त्याला ‘नल’ (म्हणजे काहीच नाही) हे डिफॉल्ट द्या आणि अशी आर्ग्युमेंट शेवटी ठेवा. फंक्शनच्या आत पीएचपीचा टॅग बंद करून सरळ एचटीएमएल लिहिता येतं, एको एको करत बसायची गरज नाही.

एचटीएमएल-स्पेशल-चार्सचं, म्हणजे मजकुरातली खास चिन्हं निरुपद्रवी करणाऱ्या पीएचपीच्या फंक्शनचं संरक्षण कार्डाच्या फंक्शनच्या आतच लावा. इन्क्लूडच्या जमान्यात ते कधी पानावर, कधी फाइलीत, कधी दोन्हीकडे असतं. दोन्हीकडे असलं की ‘आणि’च्या चिन्हाऐवजी पडद्यावर ‘एएमपी’ ही अक्षरं उमटतात आणि कुठेच नसलं की साइट उघडी पडते. फंक्शनमध्ये एकदा लावलं की प्रश्न मिटला.

मग एकेक पान बदला, सगळी एकदम नकोत. जुनी इन्क्लूड फाइल तेवढे दिवस जागेवर असू द्या. तिचं नाव सगळ्या प्रोजेक्टमध्ये शोधून एकही जागा सापडली नाही की मग ती काढा.

सीएसएसबद्दल एकच: कार्डाच्या आतली जागा कार्डाने ठरवायची, बाहेरची नाही. कार्डालाच खालून मार्जिन देऊन ठेवलं की शाखांच्या पानावर ते छान दिसतं, पण तेच संपर्काच्या पानावर उजव्या कोपऱ्यात ठेवलं की खाली उगाच भगदाड पडतं. मग कुणीतरी तिथे उणे मार्जिन देतं आणि तिथून गाडी घसरते. दोन कार्डांमधलं अंतर ग्रिडच्या गॅपने, म्हणजे बाहेरच्या डब्याने ठरवू द्या.

आता इन्क्लूडची बाजू. मी त्याच्या विरोधात मुळीच नाही. त्याच साइटचं फूटर बघा: संस्थेचं नाव, महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खालचा नोंदणी क्रमांक, मुख्य कार्यालयाचा पत्ता, चार लिंका. प्रत्येक पानावर अक्षरशः तेच. बाहेरून काही नको. याचं फंक्शन करून काय मिळणार? इन्क्लूड करा आणि पुढच्या कामाला लागा. तसंच फॅव्हआयकॉनच्या ओळी, फॉन्ट आणणारी लिंक, भेटी मोजणारी स्क्रिप्ट. व्याजदर बदलल्याची सूचनापट्टीसुद्धा, जोवर ती सगळीकडे सारखीच आहे तोवर.

साइट नुसत्या एचटीएमएलची असेल आणि पीएचपीही नको असेल, तरी अपाचीचं सर्व्हर-साइड इन्क्लूड आजही चालतं. ‘एसएचटीएमएल’ एक्स्टेन्शनच्या फाइली आणि कॉमेंटसारखी दिसणारी एक ओळ. एन्जिनएक्समध्येही ती सोय आहे, सेटिंगमधून चालू करावी लागते. जुनं तंत्र म्हणून नाक मुरडू नका. दहा पानांच्या साइटला दुसरं काही लागत नाही.

इन्क्लूड वापरताना मात्र चार गोष्टी सांभाळा. पाथ द्यायचा तो ‘डीआयआर’ या कॉन्स्टंटपासून द्या, तोच तो, आगेमागे दोन-दोन अंडरस्कोअर असलेला. नुसता सापेक्ष पाथ मुखपृष्ठावर चालतो आणि फोल्डरच्या आतल्या पानावरून बोलावलं की फाइल सापडत नाही. इन्क्लूडला फाइल नाही मिळाली तर वॉर्निंग देऊन पान पुढे चालतं, रिक्वायरला नाही मिळाली तर पान तिथेच थांबतं. फूटरला इन्क्लूड, डेटाबेस कनेक्शनला रिक्वायर, असं मी वाटून घेतलंय.

दुसरं, पत्त्याच्या पट्टीतून आलेलं नाव सरळ इन्क्लूडला कधीही देऊ नका. इंडेक्सच्या पुढे प्रश्नचिन्ह, ‘पान=संपर्क’ अशा धर्तीच्या साइट्स अजूनही सापडतात. तिथे ‘संपर्क’च्या जागी कुणी सर्व्हरवरच्या भलत्याच फाइलीचा पाथ लिहिला तर तीच उघडते. चालतील त्या पानांची यादी कोडमध्ये लिहा, यादीत नसेल त्याला ४०४ दाखवा.

तिसरं खास आपल्या मराठी साइट्सवालं. विंडोजचं जुनं नोटपॅड फाइल मुळात ‘अ‍ॅन्सी’त सेव्ह करायचं, त्यात देवनागरीची प्रश्नचिन्हं व्हायची. म्हणून आपण सगळे ‘यूटीएफ-८’ निवडायला शिकलो. पण ते नोटपॅड यूटीएफ-८ च्या सुरुवातीला बीओएम म्हणून तीन बाइट्स चिकटवायचं. ते डोळ्यांना दिसत नाहीत, पण इन्क्लूड झाले की ब्राउझरकडे रवाना होतात. मग सेशन सुरू करताना ‘हेडर्स आधीच पाठवले’ ही तक्रार येते आणि लॉगिन चालत नाही, किंवा पानाच्या डोक्यावर कारण नसताना पट्टी सुटते. २०१९ च्या विंडोज अपडेटपासून नोटपॅड बीओएमशिवाय सेव्ह करतं, पण जुन्या फाइलींत तो बसलेला असतोच. व्हीएस कोडमध्ये खालच्या पट्टीवर एन्कोडिंग दिसतं. ‘यूटीएफ-८ विथ बीओएम’ दिसलं तर बदलून घ्या.

आणि चौथं: एकाच पानावर दोनदा येणारी गोष्ट इन्क्लूड ठेवू नका. शोधाची चौकट वर हेडरमध्ये आणि पुन्हा मोबाइलच्या मेनूत, दोन्हीकडे तीच फाइल. आत इनपुटला आयडी दिलेला, म्हणजे एका पानावर दोन सारखे आयडी. मोबाइल मेनूतल्या लेबलवर बोट ठेवलं की कर्सर वरच्या, न दिसणाऱ्या चौकटीत जातो. त्या फाइलीत सोबत स्क्रिप्टही असेल तर आणखी गंमत. ती दोनदा चालते, बटणाला दोन हँडलर लागतात, एक मेनू उघडतो आणि दुसरा त्याच क्षणी मिटतो. बघणाऱ्याला वाटतं बटण बिघडलंय. कंपोनंट केलात तर आयडी हे एक आर्ग्युमेंट होतं, स्क्रिप्ट वेगळ्या फाइलीत जाते आणि एकदाच येते.

हेडर-फूटरच्या जोडीबद्दल माझं मत जरा कडक आहे. बहुतेक साइट्सवर हेडरच्या फाइलीत एक डिव्ह उघडतात आणि तो फूटरच्या फाइलीत मिटतात. दोन्ही फाइली स्वतंत्रपणे अर्धवट. मधल्या पानावर कुणी एक जास्तीचा क्लोजिंग टॅग लिहिला की लेआउट मोडतं आणि चूक कुठल्या फाइलीत आहे ते कुणालाच सांगता येत नाही. जो तुकडा उघडतो त्यानेच मिटवावं. त्यासाठी लेआउट हा वेगळा प्रकार लागतो, ज्यात मधली जागा रिकामी असते आणि पान आपला मजकूर तिथे ओततं. ब्लेड, ट्विग, जँगो, जिंजा या टेम्प्लेटच्या सगळ्या साधनांत त्याची सोय आहे. साध्या पीएचपीत आउटपुट बफरिंग वापरून पानाचा मजकूर आधी एका व्हेरिएबलमध्ये घ्यायचा आणि शेवटी लेआउटची एकच फाइल बोलवायची. ‘मुख्य मजकूर’ आणि ‘पानाचं शीर्षक’ एवढ्या दोन गोष्टी त्या फाइलीने मागितल्या तर माझ्या नियमाला अपवाद करून मी तिला इन्क्लूड राहू देते. तिसरी मागणी आली की फंक्शन.

तुम्ही कुठलंही साधन वापरा, हीच भानगड तिथे वेगळ्या नावाने भेटते आणि साधनं करणारेही हळूहळू त्याच बाजूला सरकलेत. वर्डप्रेसच्या ‘गेट टेम्प्लेट पार्ट’ला माहिती पाठवायची सोय ५.५ आवृत्तीत, म्हणजे २०२० मध्ये आली. त्याआधी लोक ग्लोबल व्हेरिएबलांतून चोरवाट काढायचे. लाराव्हेलच्या ब्लेडमध्ये इन्क्लूड केलेल्या तुकड्याला पानाचं सगळं सामान दिसतं, तर ‘एक्स’ने सुरू होणाऱ्या कंपोनंट टॅगला दिलं तेवढंच. हे टॅग लाराव्हेल ७ पासूनचे. जँगोत इन्क्लूडपुढे ‘विथ’ लिहून नेमकी माहिती द्या आणि शेवटी ‘ओन्ली’ लावा, म्हणजे बाकीचं दिसत नाही. मी तर म्हणते ‘ओन्ली’ची सवयच करा. जिंजात इन्क्लूडला पानाचा संदर्भ आपोआप मिळतो, पण इम्पोर्ट केलेल्या मॅक्रोला सांगितल्याशिवाय मिळत नाही. शॉपिफायच्या लिक्विडने तर जुना इन्क्लूड टॅग मोडीत काढून ‘रेंडर’ आणला. त्यात बाहेर भरलेली व्हेरिएबल आतल्या तुकड्याला दिसत नाहीत.

वेगाचा विचार करून हा निर्णय घेऊ नका. पीएचपी ५.५ पासून ओपीकॅश, म्हणजे एकदा वाचलेलं कोड तयार स्वरूपात मेमरीत ठेवणारी सोय, सोबतच येतो. इन्क्लूड आणि फंक्शन यांतला फरक या साइट्सवर मोजायला गेलात तरी हाती लागणार नाही.

हेडर-फूटर जावास्क्रिप्टने आणून पानात चिकटवायचा सल्ला कुठेतरी वाचला असेल तर तो सोडून द्या. पान आधी बोडकं दिसतं, मग उडी मारतं, आणि खेड्यातल्या नेटवर्कवर स्क्रिप्ट अडकली की मेनूच गायब. ब्राउझरमध्येच इन्क्लूडसारखं काही आणायचा प्रयत्न ‘एचटीएमएल इम्पोर्ट्स’ या नावाने झाला होता. क्रोमने तो २०२० मध्ये, ८० व्या आवृत्तीत काढून टाकला.

ब्राउझरमधला कंपोनंट मी फक्त तिथे वापरते जिथे तुकड्याला स्वतःचं वागणं आहे. पतसंस्थेच्या साइटवर असं एकच असतं: ठेवीचा कॅल्क्युलेटर. रक्कम, मुदत, दर टाका, मुदतीअखेरची रक्कम दिसते. तो मुखपृष्ठावर लागतो, ठेवींच्या पानावर लागतो आणि दर योजनेनुसार वेगळा. यासाठी कस्टम एलिमेंट, म्हणजे आपण स्वतः बनवलेला एचटीएमएल टॅग, उत्तम. टॅगच्या नावात हायफन सक्तीचा आणि पहिलं अक्षर लहान लिपीतलं इंग्रजीच लागतं, म्हणजे इथे मराठी नावाची हौस भागत नाही. आकडे छापताना ‘इंटल नंबरफॉरमॅट’ला ‘एमआर-आयएन’ हा लोकेल द्या. तो आपोआप देवनागरी अंक देतो आणि स्वल्पविरामही लाख-कोटीच्या हिशेबाने, १,००,००० असे टाकतो. हाताने अंक बदलणारं कोड लिहीत बसू नका.

शॅडो डॉम, म्हणजे कंपोनंटचं आतलं एचटीएमएल पानाच्या सीएसएसपासून वेगळं ठेवायची सोय, वापरत असाल तर एक खड्डा ठाऊक असू द्या. पानावर लावलेला देवनागरी फॉन्ट वारशाने आत जातो, त्यामुळे मजकूर ठीक दिसतो. पण बटण आणि इनपुट यांना ब्राउझर स्वतःचा फॉन्ट देतो आणि पानावरचा तुमचा ‘बटणालाही तोच फॉन्ट’ हा नियम शॅडोच्या आत पोहोचत नाही. मग ‘हिशेब करा’ हे बटण तेवढं वेगळ्याच वळणाचं दिसतं. कंपोनंटच्या आतल्या सीएसएसमध्ये बटण आणि इनपुटला ‘फॉन्ट इनहेरिट’ लिहा.

आणि आता उलट बाजू: कंपोनंट कधी करू नये. याच साइटवर शाखेचं कार्ड आणि संचालकांचं कार्ड जुळ्यासारखी दिसतात. चौकट, फोटो, नाव, खाली फोन. शिकायला आलेल्या मुलाने उत्साहाने दोन्हींचा एक कंपोनंट केला. पुढे शाखेला नकाशाची लिंक हवी झाली, संचालकांना पद आणि कार्यकाळ हवा झाला. अध्यक्षांचं कार्ड मोठं पाहिजे, ते तर येणारच होतं. फंक्शनला ‘नकाशा दाखवा’, ‘पद दाखवा’, ‘मोठं’ अशी हो-नाही आर्ग्युमेंट लागत गेली. आत अटींचं जाळं. दोन्ही एकसारखी दिसतात हे एकत्र करायचं कारण होऊ शकत नाही. ती बदलतात कशामुळे ते पाहा. शाखेचं कार्ड वेळ बदलली, जागा बदलली की बदलतं. संचालकांचं निवडणूक झाली की बदलतं. कारणं वेगळी, तर फाइली वेगळ्या, चार ओळी दोनदा लिहाव्या लागल्या तरी चालेल. हो-नाहीची आर्ग्युमेंट तीन झाली की मी तो कंपोनंट फोडते.

तसंच एकदाच वापरलेल्या तुकड्याचा कंपोनंट करायची घाई नको. दुसऱ्या जागी लागला तरी थोडं थांबा. तिसऱ्या जागी लागेपर्यंत त्याला नेमकं काय हवं ते स्पष्ट झालेलं असतं.

फाइली ठेवताना दोन फोल्डर वेगळे करा. एकात काहीच न मागणारे इन्क्लूड, दुसऱ्यात कंपोनंट. पहिल्या फोल्डरमध्ये अधूनमधून डॉलरचं चिन्ह शोधत जा. सापडलं तर ती फाइल फोल्डर बदलायच्या तयारीत आहे. सध्याचं वर्ष छापणारं फूटर याला अपवाद, ते तारीख स्वतःच काढतं.

शेवटचं काम म्हणजे एक नमुना पान बनवा. सगळे कंपोनंट त्यावर एकाखाली एक मांडा आणि मुद्दाम वाकडी माहिती भरा: फोन नसलेली शाखा, तीन ओळींचा पत्ता, ‘छत्रपती संभाजीनगर’ इतकं लांब नाव, फोटो नसलेले संचालक, शून्य टक्के व्याजदर. (शून्य आणि रिकामं यांत पीएचपीचं ‘एम्प्टी’ फरक करत नाही, तो प्रकार याच पानावर पकडला जातो.) कंपोनंटमध्ये काहीही बदललं की आधी हे पान मोबाइलवर उघडून बघायचं, मगच साइटवर चढवायचं. त्या पानाला नोइंडेक्स लावा आणि जमल्यास पासवर्डही, नाहीतर संस्थेचं नाव शोधणाऱ्याला गूगलवर शून्य टक्के व्याजाची शाखा सापडायची.